शिगवण मास्तरांचा आराखडा

वाचनालयाच्या हॉलच्या दारात उभं राहून त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, तो संडास कुठं आहे हा. मी सतरंज्या गुंडाळत होते. मागच्या अंगणात, विहिरीच्या पलीकडं, असं मी सांगितलं. ते तिकडं गेले मात्र नाहीत. खिडकीतून वाकून त्यांनी ती जागा पाहिली, दार नीट लागतं का तेही विचारलं आणि मग आत येऊन बाकाच्या अगदी टोकाला बसले. त्यांच्या मागून त्यांची बायको आली. डॉ. मुकादमांची चिठ्ठी तिच्याच हातात होती.

ही १९९३ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते. लोणावळ्याला योगोपचाराचं एक वर्षाचं शिक्षण पुरं करून चिपळूणला परत आले होते आणि वाचनालयाचा हॉल दुपारी रिकामा असतो म्हणून तिथं वर्ग घेत होते. येणाऱ्या बायका बहुतेक गुडघेदुखीच्या, नाहीतर वजन कमी करायला आलेल्या. खरा रुग्ण म्हणावा असा माझ्याकडं आलेला हा पहिलाच माणूस.

दत्ताराम शिगवण त्यांचं नाव. एसटीत कंडक्टर, आणि आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून शिगवण मास्तर. वय त्रेचाळीस, वजन सत्तेचाळीस किलो. मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, सहा वर्षांपासून. हा आजार मुळातून जात नाही, गोळ्यांनी दबतो आणि पुन्हा उसळतो, असं मुकादमांनी चिठ्ठीत लिहिलं होतं. खाली एक ओळ होती, ‘आतड्यापेक्षा भीतीनं जास्त पोखरला आहे.’

बोलल्या त्या त्यांच्या बायकोच, रजनीवहिनी. ऑगस्टपासून हे रजेवर आहेत, रात्री झोपत नाहीत, लग्नकार्याला येत नाहीत, देवळातसुद्धा जात नाहीत. रजा नोव्हेंबरअखेर संपते. डेपोत बसून करायचं हलकं काम मागता येईल, पण त्या अर्जात कारण लिहावं लागतं. कारण लिहिण्यापेक्षा नोकरी सोडतो म्हणतात. घरात दोन मुली शिकतायत. हे सगळं बायको सांगत असताना मास्तर खिडकीतून विहिरीकडं बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललं आहे.

त्या रात्री मी त्यांचा आराखडा केला. आठ आठवड्यांचा, आठ पानी. प्रत्येक पानावर रकाने आखले, आसनांची नावं लाल शाईनं लिहिली, शेजारी काड्यांची माणसं काढून हातपाय कुठं ठेवायचे ते दाखवलं. पवनमुक्तासन, मार्जारासन, पाचव्या आठवड्यापासून कपालभाती आणि अग्निसार, शेवटी रोज वीस मिनिटं शवासन. आईला दाखवला तेव्हा ती म्हणाली, अक्षर छान आलंय. मला तेवढंसुद्धा पुरे झालं. इतकी मी त्या कागदांवर खूश होते.

मास्तर दुपारी चारला यायचे, सांगेन ते निमूट करायचे. दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी मी त्यांना शवासनात निजवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि शिकले होते त्या हळू आवाजात म्हणाले, आता पोट सैल सोडा. ते ताडकन उठून बसले. कपाळावरून घाम निथळत होता. मागच्या अंगणात गेले आणि अर्धा तास आलेच नाहीत. आले ते चपला घालून थेट घरी. शुक्रवारी नाहीत, शनिवारी नाहीत. रविवारी रजनीवहिनी आमच्या घरी आल्या. राजीनाम्याचा कागद लिहून ठेवलाय, महिनाअखेर देणार आहेत, एवढं सांगून त्या रडल्यासुद्धा नाहीत.

मी आठ पानं घेऊन डॉ. मुकादमांकडं गेले. म्हातारा माणूस, मला लहानपणापासून पाहिलेला. त्यांनी चष्मा पुसून सगळं वाचलं. मग पेन्सिलीनं कपालभाती आणि अग्निसारवर काट मारली.

“सुजलेल्या आतड्याला धक्के द्यायचे नाहीत. आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे पहिल्या ओळीत लिही. बरं वाटलं की कुणीही पहिल्यांदा गोळ्याच सोडतं.”

मी ते तिथंच पहिल्या ओळीत लिहिलं.

“आणखी एक सांग. हा माणूस ड्यूटीवर असतो तेव्हा सकाळी साडेसहा ते पावणेदहा काय करतो?”

मला माहीत नव्हतं. तिकिटं देत असतील, म्हटलं.

“तुझ्या कागदावर रोजचा एक तास आहे,” मुकादम म्हणाले. “त्याला भीती वाटते ती उरलेल्या तेवीस तासांत.”

मी तशीच पेठमापात गेले. मास्तरांचं घर दोन खोल्यांचं, पुढं पडवी. मला बघून ते संकोचले. योगाचं आज काही बोलायचं नाही, मी म्हणाले, मला फक्त तुमच्या ड्यूटीचा दिवस सांगा, उठल्यापासून. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं म्हणत त्यांनी सुरुवात केली आणि मग दोन तास बोलत राहिले. सकाळची साडेसहाची चिपळूण-कराड. नव्वदेक किलोमीटर, सव्वातीन तास. दारामागचा खांब, त्याला पाठ टेकून उभं राहायचं, खांद्याला बॅग, हातात तिकिटांचा ट्रे. त्या रस्त्यावरचा एकेक संडास त्यांना पाठ होता. कुठला उघडा असतो, कुठल्याची किल्ली हॉटेलवाल्याकडं असते, कुठं पाणी नसतं. पोफळी सुटली की कुंभार्ली घाट, आणि घाट संपून कोयनानगर येईपर्यंत पाऊण तास काहीच नाही. पोफळीच्या अलीकडंच त्यांच्या पोटात कळ यायची. आजाराची की भीतीची, ते त्यांना आता ओळखता येत नव्हतं.

“डोळे मिटले की पोटाचाच आवाज येतो, बाई,” ते म्हणाले. “तुम्ही डोळे मिटायला सांगितलेत ना, तेव्हा मला वाटलं मी घाटात आहे.”

घाटात कधी काही झालं होतं का, मी विचारलं. त्यांनी बायकोकडं पाहिलं. काही नाही, म्हणाले. रजनीवहिनी दूध बघायला आत गेल्या. मी पुन्हा विचारलं नाही.

दुसरा आराखडा एका पोस्टकार्डावर मावला. डोळे उघडे ठेवायचे. निजायचं नाही, उभं राहायचं. हॉलच्या मधोमध एक सागवानी खांब होता, त्याला पाठ टेकून, पायात अंतर ठेवून, चालत्या गाडीत उभं राहतात तसं. डावा हात पोटावर, बॅगेच्या खाली, कुणाला दिसणार नाही असा. श्वास आत जेवढा, त्याच्या दुप्पट वेळ बाहेर, आणि बाहेर सोडताना ओठ मिटून बारीक गुणगुण, एसटीच्या इंजिनात बुडून जाईल एवढीच. दिवसातून पाच वेळा, पाच पाच मिनिटं. निजून करायचं ते फक्त सकाळी, गुडघे वाकवून, पोटाला आराम म्हणून. दर आठवड्याला मुकादमांना दाखवायचं. बस.

पहिले काही दिवस त्यांना गुणगुणायची लाज वाटे. मग एकदा रजनीवहिनी स्वतःच खांबाच्या दुसऱ्या बाजूला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि गुणगुणायला लागल्या. मास्तर हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दिवाळी झाल्यावर आम्ही तिघं स्टँडवर जाऊन नुसतं बसायला लागलो. समोर गाड्या लागायच्या, सुटायच्या. डेपोतले लोक विचारायचे, काय मास्तर, तब्येत कशी? ते म्हणायचे, पित्त. मग एक दिवस अलोऱ्यापर्यंत जाऊन आलो, दोनदा पोफळीपर्यंत. प्रत्येक खेपेला ते दारामागच्या खांबाशी उभे राहायचे, जागा रिकामी असली तरी. मी खिडकीशी बसून कान देऊन ऐकायचा प्रयत्न करी, पण इंजिनात काही ऐकू येत नसे. घाट मात्र त्यांनी केला नाही. घाट ड्यूटीवरच, म्हणाले. एक तारखेला हजर होतो, त्या दिवशी जमलं तर जमलं, नाहीतर दोन तारखेला कागद देतो.

मी बरोबर येऊ का, असं विचारलं तेव्हा आधी नको म्हणाले. संध्याकाळी मुलीबरोबर निरोप पाठवला, बाईंना सांग, चौथी सीट.

एक डिसेंबरला चांगली थंडी होती. वाशिष्ठी नदीवर धुकं साचलेलं. मास्तर कडक इस्त्रीच्या खाकीत आले, माझ्याकडं ओळख न दाखवता मला कराडचं तिकीट दिलं. गाडीत तीसेक माणसं असतील. माझ्या शेजारी एक म्हातारी, पाटणला लेकीच्या बाळंतपणाला निघालेली, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. ड्रायव्हर मोहिते नावाचे होते, पाटणकडचे, दांडगे, मोठ्या मिशांचे. ते आणि मास्तर या गाडीवर चार वर्षं एकत्र होते, पण त्या सकाळी दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. मास्तरांनी दोरी ओढली, घंटी वाजली, गाडी सुटली.

पोफळी आली आणि गेली. मी मागं वळून पाहिलं नाही. घाट चढू लागला. चार-पाच वळणं झाली असतील, आणि गाडी थांबली. पुढं गाड्यांची रांग दिसत होती. मोहिते उतरून पुढं जाऊन आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, दगडाचा ट्रक एक्सल तुटून आडवा झालाय, कोयनानगरवरनं क्रेन येणार, दोन तास तरी लागतील. मग इंजिन बंद करून ते बाहेर कठड्यावर जाऊन बसले.

इंजिन थांबल्यावर एवढी शांतता झाली की खालच्या दरीतला कुठला तरी पक्षी ऐकू आला. आणि मागून गुणगुण ऐकू आली. आता ती लपण्यासारखी नव्हती. दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. मीही पाहिलं. मास्तर खांबाला पाठ टेकून उभे होते, चेहरा राखेसारखा, डावा हात पोटावर. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि आकडे मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन...

“बाई, आत्ता नको,” ते हळूच म्हणाले.

मी मोजणं थांबवलं. त्यांनी आणखी चार-पाच श्वास घेतले, लांब सोडले. मग बॅग आणि ट्रे माझ्या हातात दिला, जे कंडक्टरनं कधी करू नये, आणि खाली उतरले. मीही दारापर्यंत आले. ते थेट मोहित्यांसमोर जाऊन उभे राहिले.

“मोहिते, मला सांगायचंय,” ते म्हणाले. “मला आतड्याचा आजार आहे. मला आत्ता जावं लागणार आहे. थांबवता येत नाही.”

मोहिते काही बोलायच्या आत ते पुढं बोलत राहिले, जणू थांबले तर पुन्हा जमणार नाही. श्रावणात, याच घाटात, वरच्या वळणावर, गाडी भरलेली असताना त्यांना आवरलं नव्हतं. कपडे खराब झाले होते. त्याच वेळी मोहिते गाडी थांबवून, इंजिनात पाणी घालायला म्हणून कॅन घेऊन दारातून चढले, त्यांचा पाय घसरला आणि कॅनभर पाणी मास्तरांच्या अंगावर सांडलं. सगळी गाडी हसली, कुणाला कळलं नाही. तुम्ही घसरलात म्हणून माझी अब्रू राहिली, मास्तर म्हणाले. पण त्या दिवसापासून मला झोप नाही. कुणाला तरी कळलं असेल, कुणीतरी डेपोत बोलेल. पुढच्या वेळी कोण घसरणार आहे?

मोहित्यांनी बिडी कठड्यावर विझवली.

“मास्तर, माजा पाय घसरला न्हवता.”

मोहित्यांनी थोटूक दरीत टाकलं.

“चार वर्सं तुमच्याम्होरं बसून गाडी चालवतूय. मागनं दोरी कशी वढली त्याच्यावरनं मला तुमचं प्वाट कळतं. त्या दिशी आरशात बगितलं आन कॅन उचलला. तुमी कायबी बोलला न्हाईत, मग म्याबी बोललो न्हाई. लई वंगाळ वाटलं आसंल म्हनून.”

मग ते उठले, ड्रायव्हरच्या बाजूनं पाण्याचा कॅन काढला, मास्तरांच्या हातात दिला आणि वरच्या अंगाला बोट दाखवलं. त्या काळ्या धोंड्यामागं जावा, करवंदीच्या जाळीच्या पल्याड, निवांत. म्या हितं हुबा हाय, कुणाला तिकडं येऊ देत न्हाई. आणि ते खरंच रस्त्यात हात पसरून उभे राहिले.

मास्तर कॅन घेऊन चढण चढून गेले. गाडीतली सगळी माणसं खिडक्यांतून हे बघत होती. मला वाटलं, आता कुणीतरी हसणार. तेवढ्यात माझ्या शेजारची म्हातारी लाडवांचा डबा सीटवर ठेवून दाराशी आली आणि मोहित्यांना म्हणाली, बरं झालं बाबा मास्तर गेले ते. ते आले की आम्हा बायकांनाही कुठं आडोसा बघ. मी चिपळूण सुटल्यापासून धरून बसलेय, विचारायची लाज वाटत होती.

त्यावर मागच्या सीटवरची एक शाळामास्तरीण म्हणाली, मीही. मग एक लेकुरवाळी. मग टोपीवाले दोन बाप्ये उलट्या दिशेनं चालायला लागले. पाच मिनिटांत निम्मी गाडी खाली उतरली होती. बायकांना घेऊन मी खालच्या अंगाच्या ओढ्यापर्यंत गेले. आम्ही परत आलो तेव्हा मास्तर आलेले होते, हात-तोंड धुतलेले, आणि म्हातारी त्यांना लाडू देत होती. त्यांना डिंकाचा लाडू चालणार नव्हता. त्यांनी तो घेतला, कपाळाला लावला आणि मोहित्यांना दिला.

क्रेन यायला अडीच तास लागले. तेवढ्या वेळात मास्तर आणखी एकदा जाऊन आले. मोहिते आणि ते कठड्यावर शेजारी बसले होते. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही, पण मोहिते मधेच मोठ्यानं हसले आणि मास्तरांनी त्यांच्या मांडीवर थाप मारली. मी गाडीत बसून बॅग आणि ट्रे सांभाळत होते. मला तेव्हा थोडं वाईट वाटत होतं, हे खरं आहे. पाच आठवडे मी ज्याच्यासाठी धडपडले ते त्या बिडी ओढणाऱ्या माणसानं एका वाक्यात केलं, असं वाटत होतं.

कराडला पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. मास्तर माझ्याकडं आले.

“बाई, तुमचा श्वास मोहित्यांपर्यंत जाण्यापुरता लागला,” ते म्हणाले. “त्याच्याशिवाय मी खांब सोडला नसता.”

दोन तारखेला ते कामावर गेले. मोहित्यांनी पुढं त्या काळ्या धोंड्यापाशी रोज पाच मिनिटं गाडी उभी करायची पद्धतच पाडली, आणि प्रवाशांना ती इतकी सोयीची झाली की गाडी तिथं थांबली नाही तर लोक ओरडायचे. आजार गेला नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तो पुन्हा उसळला, मास्तर तीन आठवडे दवाखान्यात होते. नंतरही दोनदा. पण वजन हळूहळू अठ्ठावन्नवर गेलं, मोठ्या मुलीच्या लग्नात ते मांडवात पहिल्या रांगेत बसले, आणि नोकरी त्यांनी पुरी केली. मोहिते आधी निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या दिवशी मास्तर रजा काढून पाटणपर्यंत पोचवायला गेले होते.

माझ्याकडं नंतर असे पुष्कळ लोक आले. आतड्याचे, दम्याचे, संधिवाताचे, आणि त्या आजारांच्या पोटात भीती घेऊन आलेले. मी आराखडे करत राहिले, अजून करते. फक्त आधी त्यांना पेठमापात, मास्तरांकडं, पाठवायला लागले. तिथल्या पडवीत जाऊन तासभर बसून या, एवढंच सांगायची. कितीतरी लोक हातात फाईल घेऊन, खाली मान घालून त्या पडवीत गेलेले मला आठवतात. रजनीवहिनी चहा करायच्या. मी कधी नंतर तिकडून गेले तर आतून बोलणं ऐकू यायचं, कधी हसणं.

बऱ्याच वर्षांनी, मास्तरांचे केस पांढरे झाले होते तेव्हा, मी त्यांना विचारलं, की तुम्ही या लोकांना सांगता तरी काय?

“मी काही सांगत नाही, बाई,” ते म्हणाले. “मी आधी माझं बोलतो. मग ते त्यांचं बोलतात.”